वरील सर्व माहिती सत्य आहे

गेल्या दिवाळीच्या आधी लातूरहून भाच्याचा मेसेज आला. "मामा, रेझ्युमे पाठवलाय. एकदा नजर घाला, आणि जमलं तर तुमच्या कंपनीत पुढे सरकवा."

उघडला तर तीन पानं. वर निळ्या पट्टीत नाव, त्याखाली 'डिझाइन व्हेरिफिकेशन इंजिनियर', आणि त्याखाली ठळक अक्षरांत 'अनुभव : २ वर्षे'. मी दोनदा वाचलं. पोरगं आदल्या वर्षी नांदेडहून इंजिनियरिंग पास झालं, मग सहा महिने बंगळूरला एका क्लासला गेलं. त्या क्लासची फी दाजींनी सोयाबीन विकून आणि वर थोडं कर्ज काढून भरलेली. मग ही दोन वर्षं आली कुठून?

फोन लावला. "काय रे, हे काय करायलास?"

"मामा, क्लासवाल्यांनीच सांगितलंय. सगळेच टाकायलेत. कंपनीचं लेटर बी देतात ते. दोन वर्षं लिहिल्याशिवाय कुणी उघडूनच बघत नाही."

आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी, नेहमीप्रमाणे, ते वाक्य होतं. 'वरील सर्व माहिती माझ्या समजुतीप्रमाणे सत्य आहे.' ठिकाण : लातूर. खाली सहीसाठी जागा.

मंडळी, मी पंचवीस वर्षं याच धंद्यात आहे. चिप तयार व्हायच्या आधी तिच्या डिझाइनमधल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. दुसऱ्याने 'हे बरोबर आहे' म्हणून दिलेल्या गोष्टीवर विश्वास न ठेवण्याचा मला पगार मिळतो. आणि माझ्याच घरातलं पोरगं याच नोकरीसाठी खोटा कागद घेऊन उभं होतं. फोनवर काय बोलावं ते सुचेना. "दिवाळीला येतो, तेव्हा बघू," म्हणून ठेवून दिला.

त्या रात्री मात्र ते शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना. बाहेरदेशी बऱ्याच ठिकाणी रेझ्युमेखाली असं लिहीत नाहीत. आपल्याकडे मात्र हे चालतं. मला वाटतं, हे वाक्य रेझ्युमेचं नाहीच, ते अर्जाचं आहे. आणि आमच्या मराठवाड्यात अर्जाचा इतिहास जरा वेगळा आहे.

माझे आजोबा निजामाच्या राज्यात जन्मले. नांदेड तेव्हा हैदराबाद संस्थानात, आणि लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात. घरात मराठी, पण कचेरीत उर्दू. हैदराबादला १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठातही शिक्षण उर्दूतून. आजोबांनी शाळामास्तरकीसाठी पहिला अर्ज केला तो उर्दूत. शिवाय संस्थानात १९१९ पासून मुल्की नियम होता. सरकारी नोकरी हवी तर आपण याच मुलखातले आहोत हे सिद्ध करायचं, बाहेरचा असेल तर पंधरा वर्षांचं वास्तव्य दाखवायचं. म्हणजे त्या काळच्या अर्जाचा पहिला प्रश्न 'तुला काय येतं' हा नव्हता. 'तू कुठला' हा होता.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं. १९५० साली स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं, १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ. मधल्या काळात, १९५६ साली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. आता पदवी मराठी मुलखात मिळू लागली, पण नोकऱ्या कुठे होत्या? १९७४ साली मराठवाड्यातले विद्यार्थी विकासासाठी आणि नोकऱ्यांसाठी रस्त्यावर उतरले. माझे वडील त्याच सुमाराला फुलस्केप कागदावर शाईने अर्ज लिहीत होते. 'यांचे सेवेशी', मग 'विषय', मग 'महोदय'. सोबत सर्टिफिकेटांच्या ट्रू कॉप्या, आणि त्यावर गॅझेटेड ऑफिसरची सही आणि शिक्का. त्या शिक्क्यासाठी वडील तीन-तीन दिवस तहसिलीत बसत. वडिलांच्या अर्जाचा प्रश्न होता, 'तुझ्याकडे कुठला कागद आहे.' आणि तो कागद खरा की खोटा हे तपासणारा माणूस तिसराच, ज्याने वडिलांना कधी पाहिलेलंही नसायचं.

'वरील माहिती सत्य आहे' ही ओळ या परंपरेतली आहे. शिक्का मारणारा आहे तोवर ती ओळ नुसती रीत होती. कुणी वाचायचं नाही, कुणाला खटकायचंही नाही.

माझी पाळी आली १९९८ साली. नांदेडच्या एका डीटीपी सेंटरवर बसून मी 'बायोडाटा' करून घेतला. पानाला दहा रुपये. टाइप करणाऱ्याने आधीच्या पोराची फाइल उघडली आणि नाव, जन्मतारीख, टक्के बदलून दिले. वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, सगळं त्यात. छंदांच्या रकान्यात 'वाचन, बुद्धिबळ' होतं, ते तसंच राहिलं. मला तेव्हा घोडा अडीच घरं चालतो एवढंच माहीत होतं. पण खाली ते वाक्य होतंच, आणि त्याखाली माझी सही.

एवढं असलं तरी माझ्या बायोडाटातली खरी मिळकत म्हणजे टक्के. लातूरला बारावी केलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. जनार्दन वाघमारे ज्याचे पहिले प्राचार्य होते ते राजर्षी शाहू कॉलेज १९७० सालचं. (पुढे नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं, त्याचे पहिले कुलगुरूही तेच.) तिथून आणि लातूरच्या इतर कॉलेजांतून 'लातूर पॅटर्न' हे नाव महाराष्ट्रभर गेलं. जादा तास, अभ्यासक्रम लवकर संपवणं, आणि मग परीक्षांवर परीक्षा. पेपर तपासून हातात देणार, कुठे किती गेले ते दाखवणार, पुन्हा पेपर. लोक नावं ठेवतात, घोकंपट्टी म्हणतात. मी ठेवत नाही. ज्या भागात पाऊस नाही, कारखाने नाहीत, ओळखीपाळखी नाहीत, तिथल्या पोरांना पुण्या-मुंबईच्या पोरांच्या बरोबरीला बसवणारी तीच एक गोष्ट होती.

पुढे या धंद्यात आल्यावर मला गंमत वाटली. आमच्या कामात एक शब्द फार महत्त्वाचा, कव्हरेज. काय काय तपासायचं याची यादी करायची, आणि त्यातलं किती तपासून झालं ते टक्क्यांत मोजायचं. एखादी चूक दुरुस्त झाली की जुन्या सगळ्या चाचण्या पुन्हा पहिल्यापासून चालवायच्या, त्याला रिग्रेशन म्हणतात. म्हटलं, हे तर लातूर पॅटर्न! हजार प्रश्नांची यादी, सराव परीक्षा, पुन्हा सराव परीक्षा.

पण यादीत नसलेला प्रश्न आला तर?

मी बारावीत असताना, ३० सप्टेंबर १९९३ ला, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक दमून झोपलेले. आम्ही लातूर शहरात होतो, किल्लारी तिथून चाळीसेक किलोमीटर. आम्ही उठून रस्त्यावर आलो आणि वाचलो. तिकडे हजारो माणसं झोपेतच गेली. ती घरं तुम्ही पाहिली असतील. दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार, पिढ्यान् पिढ्या उभी. रोज तपासली जात होती म्हणा ना, उन्हाने, पावसाने, वाऱ्याने. आणि सरकारी नकाशात हा सगळा भाग भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या, पहिल्या पट्ट्यात होता. तो नकाशा २००२ साली बदलला.

माणसांच्या मरणाची चिपमधल्या चुकीशी तुलना करायची नाही, तेवढी लाज मला आहे. पण 'आजवर काही झालं नाही' आणि 'काही होऊ शकत नाही' या दोन वाक्यांतलं अंतर मला पहिल्यांदा कळलं ते तिथे. तेव्हा त्याला शब्द नव्हता, एवढंच.

त्याच सुमाराला, सातासमुद्रापार, माझ्या पुढच्या पोटापाण्याची सोय होत होती. ती गोष्ट सांगतो.

इंटेलची पहिली मायक्रोप्रोसेसर चिप, ४००४, ही १९७१ सालची. तीत ट्रान्झिस्टर होते २,३००. तिचे नकाशे माणसं मोठ्या कागदांवर पसरून डोळ्यांनी तपासत. १९९३ साली पेंटियम आली तेव्हा ट्रान्झिस्टर ३१ लाख. (पेंटियमच्या कामाचे प्रमुख विनोद धाम हे जन्माने पुण्याचे, हेही जाता जाता.) एवढं डोळ्यांनी कोण तपासणार? तोवर व्हेरिलॉग ही भाषा आली होती. १९८४ च्या सुमाराला गेटवे नावाच्या छोट्या कंपनीत फिल मूरबी आणि प्रभू गोयल यांनी ती घडवली. त्यात डिझाइन शब्दांत लिहायचं आणि चिप बनवण्याआधी संगणकावर चालवून बघायचं. आणि आधी बघणं भागच असतं. सॉफ्टवेअरमध्ये चूक निघाली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती पाठवता येते. सिलिकॉनवर एकदा उमटलेलं पुसता येत नाही.

१९९४ साली अमेरिकेतल्या लिंचबर्ग कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांवर काम करत होते. उत्तरं जुळेनात. महिनोन् महिने त्यांनी आपला प्रोग्रॅम तपासला, दुसरी मशीनं लावून पाहिली, आणि शेवटी या निष्कर्षाला आले की चूक प्रोग्रॅममध्ये नाही, चिपमध्ये आहे. ३० ऑक्टोबर १९९४ ला त्यांनी काही जणांना ईमेल लिहिली आणि गोष्ट जगभर झाली. भागाकारासाठी पेंटियममध्ये एक तक्ता होता, १,०६६ नोंदींचा. त्यातल्या पाच नोंदी चिपमध्ये उतरवताना गळल्या होत्या. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागलं तर उत्तर यायला हवं १.३३३८२..., पेंटियम द्यायची १.३३३७३...

इंटेलचं म्हणणं, सामान्य माणसाला ही चूक २७ हजार वर्षांतून एकदा भेटेल. आयबीएमने हिशेब मांडला आणि सांगितलं, २४ दिवसांतून एकदा. कुणाचं खरं हा वाद बाजूला ठेवा. प्रश्न एवढाच होता की त्या पाच जागांवर कुणी बोट ठेवून पाहिलं होतं का. नव्हतं. डिसेंबरमध्ये इंटेलने मागेल त्याला चिप बदलून द्यायचं कबूल केलं, आणि या प्रकरणापोटी ४७ कोटी ५० लाख डॉलर खर्ची टाकले.

त्यानंतर या कामाला भाव आला. तोवर बहुतेक ठिकाणी डिझाइन लिहिणाराच आपलं आपण तपासायचा, किंवा नव्या पोराला 'जरा टेस्ट कर रे' म्हणायचे. आता वेगळी माणसं, वेगळी टीम. इस्रायलच्या योआव होलँडर यांनी 'ई' नावाची भाषा फक्त तपासण्यासाठी काढली. त्यातली कल्पना मोठी नामी. माणसाला सुचतील तेवढ्याच चाचण्या लिहीत बसू नका. काय चालतं आणि काय चालत नाही एवढे नियम सांगा, बाकी उलटसुलट हजारो चाचण्या मशीनला काढू द्या. यादीत नसलेला प्रश्न यंत्रच विचारेल. २००५ साली सिस्टिमव्हेरिलॉग प्रमाण झाली, २०११ साली यूव्हीएम आली. आज भाच्याच्या रेझ्युमेवर ही सगळी नावं स्वल्पविराम देऊन एका ओळीत बसली आहेत, मोंढ्यातल्या भावफलकासारखी. प्रत्येक नावामागे कुणाची तरी झोप उडालेली आहे.

आणि बंगळूर. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ साली तिथे केंद्र काढलं, मग बाकीच्या आल्या. म्हणूनच आमच्या बायोडाटांची पाकिटं हैदराबाद ओलांडून तिकडे जाऊ लागली.

१९९९ साली माझंही एक पाकीट लागलं. बोलावणं आलं. नांदेडहून हैदराबादमार्गे गेलो, नवा शर्ट पिशवीत घडी करून. मुलाखत घेणारे गृहस्थ पन्नाशीचे, शांत. टक्क्यांकडे त्यांनी बघितलंही नाही. बोट ठेवलं ते माझ्या प्रोजेक्टवर. 'चौकातल्या सिग्नलचं नियंत्रण, डिझाइन आणि टेस्टिंग.'

"टेस्टिंग म्हणजे काय केलंत?"

"सर, चालवून पाहिलं. दिवे बरोबर क्रमाने लागले."

"चारही बाजूंना एकदम हिरवा लागणार नाही, हे कशावरून?"

"तसं कधी झालं नाही, सर."

"झालं नाही, की होऊ शकत नाही?"

मी गप्प. एसी असून घाम फुटला. त्यांनी मग पाणी दिलं आणि जरा बरं वाटावं म्हणून की काय, बुद्धिबळात कुठली ओपनिंग आवडते ते विचारलं! पुढचं सांगत नाही. नोकरी मिळाली नाही हे उघड आहे. पण परतीच्या प्रवासात रात्रभर मी चौकातल्या त्या चार दिव्यांच्या सगळ्या अवस्था वहीत मांडत बसलो. मध्येच वीज गेली आणि आली तर सुरुवातीच्या क्षणाला काय होतं, ते मी कधी पाहिलंच नव्हतं. त्या एका क्षणाला चारही हिरवे लागू शकत होते. घरी जाऊन करून पाहिलं. लागले.

वर्षभराने पुण्यात दुसऱ्या मुलाखतीत मी तीच गोष्ट सांगितली, चार हिरव्या दिव्यांची. ती नोकरी मिळाली.

असो. तर दिवाळीला लातूरला गेलो. फराळ झाला, ताईने दोनदा चहा केला, आणि मग मी, भाचा आणि लॅपटॉप असे ओसरीवर बसलो. दाजी बाजूला खाटेवर पेपर वाचत होते, म्हणजे तसं दाखवत होते.

मी म्हटलं, "ही दोन वर्षं आधी काढ."

"मामा, तुम्हाला ठावं नाही. फिल्टरच लावलेला असतो दोन वर्षांचा. काढलं तर कुणी बघणार नाही."

खोटं नव्हतं ते. माझ्याकडेही एका जागेला शेकड्यांनी कागद येतात आणि मी अर्ध्या मिनिटात एक बाजूला सारतो. २०२१ साली केंद्राने सेमीकंडक्टरसाठी ७६ हजार कोटींची योजना आणली, २०२३ पासून कॉलेजांना व्हीएलएसआयची वेगळी पदवीही काढता येते. पोरांची लाट आली आहे, आणि दाराशी उभ्या असलेल्या पोराला 'खरं लिही' म्हणणं आत बसलेल्या माणसाला सोपं असतं. मी त्याला तेच म्हटलं. मग हेही सांगितलं, की आता नोकरी देताना पीएफची नोंद बघतात. कुठल्या कंपनीने किती महिने पैसे भरले ते उघडं पडतं. लेटर कितीही गुळगुळीत असो, पीएफ खोटा बोलत नाही. एकदा सापडलास तर ती कंपनी कायमची बंद. आणि माझ्या नावाने पुढे सरकवायचं असेल तर त्या ओळीखाली माझीही सही आली.

तो खाली बघत राहिला. इतक्यात दाजींनी पेपर खाली ठेवला.

"मी एकदा केलतं असं," ते म्हणाले. "पोत्याच्या तोंडाला निवडलेलं सोयाबीन आणि पोटात काडीकचरा. मोंढ्यात ती टोकदार लोखंडी नळी असती का नाही, पोत्यात खुपसून मूठभर माल काढायची? आडत्यानं बरोबर मधी खुपसली. भाव पडला त्याचं काही नाही. पण पुढं चार वर्षं त्यानं माझं एकबी पोतं तोंडाकडनं बघितलं नाही. चांगला माल नेला तरी आधी मधनंच खुपसायचा."

आणि पेपर पुन्हा तोंडापुढे धरला. पंचवीस वर्षं मी लोकांना व्हेरिफिकेशन समजावून सांगतोय, इतकं नेमकं मला कधी जमलं नाही.

मग आम्ही पोतं मधून फोडायला घेतलं. 'यूव्हीएममध्ये निष्णात.' ड्रायव्हर, मॉनिटर आणि स्कोअरबोर्ड हे तीन एकमेकांशी कसे बोलतात ते काढून दाखव म्हटलं. दाखवलं त्याने, जरा अडखळत. मग 'निष्णात' काढून 'वापरले आहे' लिहिलं. 'एएक्सआय प्रोटोकॉलवर १०० टक्के फंक्शनल कव्हरेज.' कुठल्या गोष्टींचे शंभर टक्के? यादी कुणी केली? यादी क्लासची, कोड क्लासचा, वर्गातल्या साठ जणांच्या रेझ्युमेवर हीच ओळ. काढली. शंभर टक्के ही फार फसवी संख्या आहे. यादीच तोकडी असली की शंभर भरायला वेळ लागत नाही.

तीन पानांचं पाऊण पान उरलं. पोराचा चेहरा उतरला.

"स्वतः काही केलंयस का? कुणी न सांगता?"

"एक फिफो केला होता. पण ते काय, लहान आहे. सोळा ओळींचा." फिफो म्हणजे रांग. जो आधी आला तो आधी बाहेर. बस स्टँडवर असावी पण नसते, तशी रांग.

"तपासलास?"

"हो. पण त्यात बग निघाला होता मामा. पूर्ण भरला की रिकामा दाखवायचा. लिहायची जागा आणि वाचायची जागा एकाच ठिकाणी आल्या की त्याला कळायचंच नाही, भरलाय का रिकामा. तीन दिवस लागले सापडायला. मग एक बिट वाढवला."

"कसा सापडला?"

"आधी नुसतं लिहून-वाचून बघितलं, तेव्हा बरोबर चालला. मग म्हटलं, भरल्यावर आणखी एक ढकलून बघावं."

"मग हे का नाही लिहिलंस?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "बग माझाच होता मामा. स्वतःची चूक कशी लिहायची रेझ्युमेत?"

मला बंगळूरचे ते गृहस्थ आठवले. म्हटलं, अरे, हीच तर ओळ. तुला काय येतं हे सगळेच लिहितात. तुला काय सापडलं हे लिही. काय शोधायला गेलास, कशामुळे संशय आला, कसं पकडलंस, मग काय बदललंस, आणि ते पुन्हा होणार नाही याची कुठली चाचणी मागे ठेवलीस. ही नोकरी चूक न करणाऱ्याची नाही, चूक शोधणाऱ्याची आहे. आणि जो आपली शोधून सांगतो त्याच्यावर दुसऱ्याची शोधायचा विश्वास टाकता येतो.

रेझ्युमेची गोष्ट निघाली की लोक लिओनार्दो दा विंचीचं नाव काढतात. १४८२ च्या सुमाराला त्याने मिलानच्या लुदोविको स्फोर्झाला नोकरीसाठी पत्र लिहिलं, त्याला जगातला पहिला रेझ्युमे म्हणतात. पूल, तोफा, सुरुंग असं एकेक कलमवार आहे, आणि चित्रं काढता येतात हे पार शेवटी. मला त्यातलं आवडतं ते अगदी अखेरचं. यातलं काही अशक्य वाटत असेल तर म्हणाल तिथे, तुमच्या बागेत, करून दाखवायला तयार आहे, अशा अर्थाचं तो लिहितो. 'माहिती सत्य आहे' असं नाही म्हणत. तपासून घ्या म्हणतो.

फिफोची गोष्ट चार ओळींत बसवायला आम्हाला रात्रीचे अकरा वाजले. त्याखाली त्याने कोड कुठे ठेवला आहे त्याचा पत्ता टाकला, कुणालाही चालवून बघता यावा म्हणून. एकूण एक पान झालं. अनुभवाच्या जागी 'नवखा' असं स्पष्ट लिहिलं. तळाशी ते जुनं वाक्य होतंच. मी म्हटलं, "हे आता कुणी लिहीत नाही. काढलंस तरी चालेल."

"राहू द्या मामा," तो म्हणाला.

मी काही बोललो नाही. आजोबांनी उर्दूत आणि वडिलांनी शाईने तेच लिहिलं होतं. मी मात्र बुद्धिबळाखाली लिहिलं होतं.

फिल्टरचं म्हणाल तर पोरगं बरोबर होतं. चाळीस ठिकाणी पाठवला, अडतीस ठिकाणांहून उत्तरच नाही. माझ्या कंपनीत नवख्यांसाठी जागा नव्हती. दोन ठिकाणांहून फोन आले. त्यातला एक हैदराबादच्या एका छोट्या कंपनीचा, सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी. मुलाखत तासभर चालली, आणि त्यातली पाऊण तास फक्त त्या सोळा ओळींच्या फिफोवर. भरलेला असताना एकाच वेळी लिहिलं आणि वाचलं तर काय होईल, हे त्यांनी विचारलं. याने ते तपासलं नव्हतं. "तपासलं नाही, बघून सांगतो," म्हणाला, आणि रात्री बसून, तपासून, निकाल त्यांना मेलवर पाठवला.

त्यांचं उत्तर अजून यायचं आहे. दाजींचं कर्ज तसंच आहे, आणि ताई रोज विचारते. मीही फोन वाजला की आधी लातूरचा आहे का बघतो.